सुस्ती गोळीची, बोल माणसाला

वारंगा फाट्यावर दोन मोठे रस्ते एकमेकांना मिळतात. एक नांदेडहून येतो आणि आखाडा बाळापूर, कळमनुरीमार्गे हिंगोलीकडे जातो. दुसरा हदगावकडून येतो आणि नागपूरला तुळजापूरशी जोडतो. दिवसभर इथे एसटी, काळीपिवळी आणि ट्रकची ये-जा असते. तालुक्याच्या गावी, जिल्ह्याला किंवा नांदेडला दवाखान्यात निघालेली माणसे याच फाट्यावर गाडीची वाट पाहतात. कुणाच्या हातात एक्स-रेचे पाकीट असते, कुणाच्या हातात साखरेच्या तपासणीचा कागद. मनाच्या आजाराची फाइल मात्र पिशवीच्या तळाशी असते. तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही, आणि बोललेच तर एक वाक्य हमखास ऐकू येते: गोळ्या सुरू झाल्यापासून हा नुसता पडून असतो.

या वाक्याचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावतो. बापाला वाटते, पोरगा आळशी झाला. आईला वाटते, आजार अजून अंगातच आहे. शेजारी म्हणतात, डॉक्टरने डोके बधिर करून टाकले. खुद्द रुग्णाला काय वाटते, हे विचारायचे बहुधा राहून जाते. मग एखाद्या दिवशी, सोयाबीनच्या किंवा हळद काढणीच्या घाईत, गोळ्या परस्पर बंद होतात. काही आठवडे माणूस तरतरीत दिसतो, घरच्यांना बरे वाटते, आणि नंतर आजार उलटतो. त्यामुळे ही सुस्ती आजाराची, स्वभावाची की गोळीची, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. तो घराच्या मजुरीशी, शेतीशी आणि कधी कधी जिवाशी जोडलेला आहे.

आजारी माणसात या प्रश्नाचे उत्तर काढणे अवघड असते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात उत्साह आटणे, बोलणे कमी होणे, तासन् तास एका जागी बसून राहणे ही आजाराचीच लक्षणे असू शकतात. त्यात औषधाचा परिणाम मिसळला की कोणते कशामुळे, हे डॉक्टरांनाही पटकन सांगता येत नाही. विज्ञानाकडे यावर एक सरळ वाट आहे. ज्याला हा आजारच नाही अशा निरोगी माणसाला, त्याच्या संमतीने, तेच औषध थोड्या मात्रेत द्यायचे आणि त्याच्या मेंदूत काय बदलते ते पाहायचे. आजार वजा केला की उरते ते औषधाचे. असे प्रयोग सत्तर वर्षांहून अधिक काळ होत आले आहेत. त्यातून जे कळले ते मात्र रुग्णाच्या घरापर्यंत क्वचितच पोहोचते.

मेंदूची वीज टिपताना

मेंदूतील पेशी अतिसूक्ष्म विजेच्या आणि रसायनांच्या मदतीने एकमेकींशी संधान बांधतात. लाखो पेशी एका तालात काम करू लागल्या की तो ताल डोक्याच्या त्वचेवरूनही टिपता येतो. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा असा आलेख प्रथम घेतला आणि १९२९ मध्ये तो जगापुढे मांडला. त्यालाच आज ईईजी म्हणतात. डोक्याला वायरी लावतात म्हणून ही तपासणी म्हणजे ‘शॉक’ असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. ईईजीचे यंत्र मेंदूत वीज सोडत नाही, मेंदूतली वीज फक्त टिपते. ती वीज इतकी क्षीण असते की ५० मायक्रोव्होल्टची लहर धरली तर भिंतीवरच्या घड्याळातील दीड व्होल्टच्या सेलपेक्षा ती तीस हजार पटींनी कमी भरते.

या लहरींचे वेग वेगवेगळे असतात. डोळे मिटून, जागेपणी, शांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी लहर दिसते. ती अल्फा. डोळे उघडून हिशेब करू लागले की अल्फा मागे पडते आणि तिच्याहून जलद बीटा लहरी पुढे येतात. एसटीत खिडकीशी बसून डुलकी लागू लागली की सेकंदाला ४ ते ८ च्या थीटा लहरी वाढतात. गाढ झोपेत सेकंदाला चारपेक्षाही कमी वेगाच्या, मोठ्या डेल्टा लहरींचे राज्य असते. थोडक्यात, मेंदू किती जागा आहे याचा बऱ्यापैकी अंदाज या तालावरून बांधता येतो. मनाच्या औषधांचा ठसा याच तालात शोधला गेला.

निरोगी माणसांनी घेतलेली गोळी

स्किझोफ्रेनियावरचे पहिले आधुनिक औषध म्हणजे क्लोरप्रोमाझिन. ते डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समधील रोन-पुलांक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. आंरी लाबोरी नावाच्या शल्यचिकित्सकाला ते भूल देताना रुग्ण शांत राहावा म्हणून हवे होते. ९ नोव्हेंबर १९५१ रोजी पॅरिसजवळच्या विलज्यूफ येथे कॉर्नेलिया क्वार्ती या मनोविकारतज्ज्ञ महिलेने हे औषध स्वतः टोचून घेतले. त्या आजारी नव्हत्या. औषध चढल्यावर त्यांना गळून गेल्यासारखे झाले, भोवतालच्या गोष्टींपासून आपण लांब गेलो आहोत असे वाटू लागले, आणि उठून चालू लागल्यावर त्या बेशुद्ध होऊन पडल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकेर यांनी हे औषध रुग्णांना दिले आणि मनोविकारांच्या उपचारांचे नवे पर्व सुरू झाले. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की औषध रुग्णावर काय करते हे कळण्याआधीच ते निरोगी माणसाला अलिप्त आणि शिथिल करते हे कळले होते.

१९७७ मध्ये बेलमेकर आणि वाल्ड या इस्रायलमधील दोन डॉक्टरांनी असाच अनुभव एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्राने कळवला. दोघांनी हॅलोपेरिडॉलचे ५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेतले. दहाच मिनिटांत विचार आणि हालचाली मंदावल्या, आणि त्याच वेळी आतून प्रचंड बेचैनी सुरू झाली. दोघांनाही काम करता येईना. दीड दिवसाहून अधिक काळ ते कामावर येऊ शकले नाहीत. हे दोघे शिकलेसवरलेले डॉक्टर होते, त्यांना काय होते आहे ते कळत होते आणि ते लिहून ठेवता येत होते. हीच बेचैनी एखाद्या रुग्णाला झाली आणि तो घरात येरझारा घालू लागला, तर ‘वेड वाढले’ असे समजून मात्रा वाढवली जाण्याचा धोका असतो. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला अकाथिसिया म्हणतात, आणि तिच्यावर इलाज आहे. मात्र ती ओळखली गेली पाहिजे.

ईईजीवर काय दिसते? अमेरिकेत मॅक्स फिंक आणि तुरान इतिल, व्हिएन्नात बर्न्ड सालेतु आणि इतर अनेकांनी निरोगी स्वयंसेवकांना औषध देऊन त्यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या. त्यातून प्रत्येक गटाच्या औषधाची एक ठरावीक छाप असते असे दिसून आले. क्लोरप्रोमाझिनसारख्या झोप आणणाऱ्या औषधांनी जलद लहरी घटतात, थीटा आणि डेल्टा या मंद लहरी वाढतात. माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला असला तरी त्याच्या मेंदूचा ताल पेंगेकडे झुकतो. हॅलोपेरिडॉलच्या कमी मात्रेत हा बदल बराच कमी असतो. म्हणजे ‘मनाची गोळी’ असा एकच सरसकट प्रकार नाही. सगळ्यांना एका मापाने मोजणे चुकीचे.

झोपेच्या अभ्यासांत हा फरक अधिक स्वच्छ दिसतो. बार्सिलोनातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० निरोगी तरुणांना वेगवेगळ्या दिवशी सकाळी एकेक मात्रा दिली आणि त्या रात्रीची झोप मोजली. ओलांझापिन ५ मिलिग्रॅमने एकूण झोप आणि गाढ, मंद लहरींची झोप वाढली. रिस्पेरिडोन १ मिलिग्रॅमने मध्येच जाग येणे कमी झाले, पण स्वप्नांच्या झोपेचा भागही घटला. हॅलोपेरिडॉल ३ मिलिग्रॅमचा परिणाम सौम्य होता. गोळी सकाळी घेतली आणि तिचा ठसा रात्री मेंदूच्या आलेखावर दिसला. मग रात्री गोळी घेतलेल्या माणसाला सकाळी नऊपर्यंत डोळे उघडत नसतील, तर तो त्याचा आळस कसा?

असे का होते?

या औषधांचे मुख्य काम डोपामिन या रसायनाचा मेंदूवरील प्रभाव कमी करण्याचे. भास, संशय, कानात आवाज येणे या लक्षणांच्या मुळाशी मेंदूच्या काही भागांत डोपामिनचा अतिरेक असतो, आणि तो आवरला की लक्षणे ओसरतात. पण डोपामिन हालचाल, उत्साह आणि एखादी गोष्ट करावीशी वाटणे यांच्याशीही जोडलेले आहे. निरोगी मेंदूत अतिरेक नसतो, तिथे औषध आवश्यक तेवढ्या डोपामिनलाच अडवते. शिवाय यातील बरीच औषधे इतर रसायनांचीही वाट अडवतात. हिस्टामिन आपल्याला जागे ठेवते, ते अडले की पेंग येते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप यायची ती याच कारणाने. अॅसिटिलकोलिन अडले की तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, आठवण मंदावते. ओलांझापिन, क्वेटियापिन, क्लोझापिन ही औषधे हिस्टामिनला जोरात अडवतात, हॅलोपेरिडॉल फारसे अडवत नाही. ईईजीवरचा आणि झोपेतला फरक बऱ्याच अंशी इथून येतो.

या अभ्यासांना मर्यादाही आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर अर्धसत्य पसरेल. बहुतेक प्रयोग मोजक्या तरुणांवर, अनेकदा फक्त पुरुषांवर, एक-दोन मात्रा देऊन केलेले आहेत. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या पन्नाशीच्या बाईच्या मेंदूत काय होते, ते यावरून सरळ सांगता येत नाही. शरीराला औषधाची सवय होते आणि सुरुवातीची पेंग अनेकांत काही आठवड्यांत कमी होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मंद लहरी वाढणे म्हणजे मेंदू खराब होणे नव्हे. रोज रात्री गाढ झोपेत प्रत्येकाच्या मेंदूत याच लहरी वाढतात. औषध शरीराबाहेर गेले की निरोगी स्वयंसेवकाचा आलेख पूर्वपदावर येतो. ‘गोळ्यांनी मेंदू सडतो’ असे सांगत फिरणाऱ्यांना या प्रयोगांत आधार सापडणार नाही.

उलट बाजूचा पुरावा तर भक्कम आहे. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्टेफान लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ चाचण्यांतील सुमारे साडेसहा हजार रुग्णांची माहिती एकत्र मांडली. औषध चालू ठेवलेल्यांपैकी शंभरातील २७ जणांचा आजार सुमारे वर्षभरात उलटला. औषध थांबवून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांत हे प्रमाण शंभरात ६४ होते. शंभरात ३७ माणसांचा हा फरक आहे. तो पाहिला की सोयाबीनच्या घाईत गोळी बंद करण्याचा हिशेब किती महागात पडतो ते कळते. गोळी सुस्ती आणते हे खरे आणि गोळी आजार रोखते हेही खरे. या दोन्ही गोष्टी रुग्णाला आणि घरच्यांना एकाच वेळी सांगितल्या गेल्या पाहिजेत. पहिली लपवली की दुसरीवरचा विश्वासही उडतो.

आजार नसताना घेतलेली गोळी

निरोगी माणसांवरील प्रयोग ज्यांना खऱ्या अर्थाने लागू पडतात असा आणखी एक मोठा गट आहे. ज्यांना मनोविकार नाही, तरीही ज्यांच्या पोटात ही औषधे जातात, असे लोक. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून रात्र रात्र पाणी देणारा शेतकरी, दिवस-रात्र महामार्गावर असणारा ट्रकचालक, मुलीच्या लग्नाच्या काळजीने तळमळणारी आई. यांची झोप उडते आणि मग कुणाच्या तरी चिठ्ठीवरची ‘झोपेची गोळी’ मेडिकलमधून मागून आणली जाते. ती कधी क्वेटियापिन असते, कधी ओलांझापिन. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हा नियम आहे. दुसऱ्याच्या जुन्या चिठ्ठीने तो पाळला जात नाही. गोळीने झोप लागते यात शंका नाही, आलेखच तसे सांगतो. पण ती मंद लहर पहाटे पाच वाजता घड्याळ पाहून थांबत नाही. सकाळी मोटारसायकल, मळणीयंत्र, विहिरीवरची मोटार किंवा ट्रकचे चाक हाती असलेल्या माणसासाठी ही उरलेली पेंग प्राणघातक ठरू शकते. वजन आणि रक्तातील साखर वाढते ते वेगळेच.

दुसरी वाट पोटातून जाते. आम्लपित्ताच्या अनेक कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असते. पोटाची हालचाल सुधारावी म्हणून ते घातलेले असते. हे औषध डोपामिन अडवणारे, म्हणजे मनोविकारावरील औषधांच्याच कुळातले. महिनोन् महिने ते घेतल्यावर काही वयस्कर माणसांचे हात कापू लागतात, चाल अडखळते, चेहरा ठोकळ्यासारखा होतो. काही स्त्रियांची पाळी चुकते किंवा बाळंतपण नसताना स्तनातून दूध येते. घरच्यांना वाटते म्हातारपण आले किंवा कंपवात झाला. चक्कर आणि उलटीसाठी मिळणारे प्रोक्लोरपेराझिन हेही क्लोरप्रोमाझिनचेच भावंड. दोन-चार दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ही औषधे उपयोगी आहेत. जेवणाआधीची रोजची कॅप्सूल म्हणून वर्षभर ती घेत राहणे हा वेगळा प्रकार आहे.

झाडपाल्याचे म्हणून निर्धोक, हा समजही या विषयात टिकत नाही. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे शतकानुशतके वेडावर आणि निद्रानाशावर वापरले गेले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी त्यावर लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिचा परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. तिच्यातले रेसर्पिन पुढे स्किझोफ्रेनियावरही वापरले गेले. नंतर तेच औषध मागे पडले. उदासी आणि मरगळ ही त्यामागची कारणे. मुळी असो की गोळी, मेंदूच्या रसायनांना हात घातला की त्याची किंमत असते.

तिसरा गट वृद्धांचा. विस्मरणाच्या आजाराने रात्री उठून फिरणाऱ्या, ओरडणाऱ्या आजोबांना ‘शांत’ ठेवण्यासाठी हीच औषधे दिली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेऊन इशारा दिला. साधारण दहा आठवड्यांच्या काळात औषध घेणाऱ्या अशा वृद्धांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत २.६ टक्के होते. काही प्रसंगी, थोड्या काळासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली ही औषधे द्यावी लागतात. घरच्यांना झोप मिळावी म्हणून ती वर्षानुवर्षे देत राहणे मात्र वृद्धाच्या जिवावर बेतू शकते.

ईईजी कुणासाठी?

एवढे वाचून प्रत्येक रुग्णाचा ईईजी काढावा असे कुणाला वाटेल. तसे करण्याची गरज नाही. स्किझोफ्रेनियाचे निदान ईईजीवरून होत नाही. ते बोलून, ऐकून आणि माणसाला काही काळ पाहूनच होते. औषधांमुळे आलेखात बदल दिसला तरी तेवढ्यावरून उपचार बदलत नाहीत. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयातील २००२ चा अभ्यास याबाबत बोलका आहे. क्लोझापिन घेणाऱ्या ४७ टक्के, ओलांझापिनच्या ३८ टक्क्यांहून थोड्या अधिक आणि रिस्पेरिडोनच्या २८ टक्के रुग्णांच्या आलेखात काही ना काही वेगळेपण होते. क्वेटियापिन घेणाऱ्यांत ते आढळले नाही. पण औषध न घेणाऱ्यांपैकीही १३ टक्के रुग्णांच्या आलेखात वेगळेपण होतेच.

क्लोझापिनबाबत मात्र दक्षता हवी. इतर औषधांनी बरे न वाटणाऱ्यांसाठी ते मोलाचे आहे. पण मात्रा वाढेल तशी त्याने फिट येण्याची शक्यता वाढते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौदाशेहून अधिक रुग्णांच्या माहितीनुसार, दिवसाला ३०० मिलिग्रॅमखाली हे प्रमाण १ टक्का, ३०० ते ५९९ मिलिग्रॅमला २.७ टक्के आणि ६०० च्या पुढे ४.४ टक्के होते. त्यामुळे आधी कधी फिट आली असेल, डोक्याला मार लागला असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. अंगाला एकाएकी झटके येऊ लागले तर देवऋषीकडे न जाता दवाखाना गाठला पाहिजे. अशा रुग्णांत ईईजीचा खरा उपयोग होतो. क्लोझापिन निरोगी माणसाला किती जड जाते याचा एक पुरावा नियमांतच आहे. दोन कंपन्यांच्या गोळ्या सारख्याच आहेत का, हे सहसा निरोगी स्वयंसेवकांवर तपासतात. क्लोझापिनची तुलना मात्र रुग्णांवरच करावी, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुचवले, कारण लहान मात्रेनेही निरोगी माणसांचा रक्तदाब आणि हृदयाची गती धोकादायक पातळीला घसरली होती.

कायदा काय सांगतो, घडते काय

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला. त्याच्या २२ व्या कलमानुसार रुग्णाला आपला आजार, सुचवलेले उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत कळवले गेले पाहिजेत. १८ व्या कलमानुसार आवश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत. महाराष्ट्रात या पातळीवर ग्रामीण रुग्णालय येते. म्हणजे कायद्याच्या कागदावर वारंगा फाट्याच्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्यांसाठी नांदेड गाठण्याची गरज नाही. मराठवाड्यातल्या रुग्णाच्या दृष्टीने राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये, पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, सगळीच लांब आहेत. म्हणूनच १९९६ पासून देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडून अपेक्षा अधिक आहेत.

देशाचे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केले. गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे त्यात दिसले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. जे उपचारांपर्यंत पोहोचतात त्यांनाही दर खेपेला गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत्याचा दिवस मोजावा लागतो. अशा वेळी ‘गोळीने पेंग येते’ एवढे सांगायला पन्नास किलोमीटर कोण जाणार? मग गोळी बंद करणे हाच सोपा मार्ग ठरतो. सुस्तीची तक्रार गावाजवळ ऐकून घेण्याची सोय नसणे हे औषध सुटण्याचे एक मोठे कारण आहे आणि ते दूर करता येण्याजोगे आहे.

त्यासाठी मोठ्या यंत्रांची आवश्यकता नाही. पहिल्या चिठ्ठीसोबत मराठीतला एक साधा कागद हवा. कोणती पेंग पहिल्या काही आठवड्यांत कमी होऊ शकते, कोणती बेचैनी, थरथर किंवा ताठरपणा लगेच कळवायचा, गोळी किती वाजता घ्यायची, वाहन आणि यंत्र कधी टाळायचे, एवढे त्यावर असले तरी पुरे. ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ यावा आणि गोळ्या तिथेच मिळाव्यात. आशा कार्यकर्तीला ‘गोळी घेतली का’ याबरोबर ‘गोळीने काय होते’ हेही विचारायला शिकवावे. मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवर झोपेची गोळी देऊ नये. प्रवास शक्य नसेल तेव्हा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

घरच्यांनीही एक वही ठेवावी. गोळी कधी घेतली, जाग कधी आली, दिवसा किती झोपला, हात कापतो का, एका जागी बसवते का, वजन किती, हे महिनाभर लिहिले तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. त्या नोंदींवरून मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, कमी पेंग आणणारे औषध निवडता येते. गोळी मनाने बंद करण्यापेक्षा हा रस्ता लांबचा वाटतो, पण आजार उलटल्यानंतरच्या रस्त्यापेक्षा तो फार जवळचा आहे.

निरोगी माणसाचा मेंदू या औषधांनी मंदावतो, हे आलेखावर उमटलेले आहे. आजाराशी झुंजणारा माणूस तीच गोळी घेऊन रोज उठतो, तोंड धुतो, जमेल तेवढे काम करतो. त्याला आळशी म्हणण्याआधी घरच्यांनी त्याच्या झोपेचे तास मोजावेत आणि ते डॉक्टरांना सांगावेत. डॉक्टरांनी ते ऐकून चिठ्ठी पुन्हा तपासावी. आणि शासनाने हे सांगण्या-ऐकण्याचे ठिकाण ग्रामीण रुग्णालयाच्या अलीकडे नसले तरी पलीकडे तरी ढकलू नये.